सबब परत

आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क तुरकर बाबू चोरांशी पत्रव्यवहार करतात.

चोर म्हणजे भिंत फोडून येणारे नव्हेत, मेलवरून 'ताबडतोब पैसे भरा' म्हणत येणारे. असा मेल आला की शहाणी माणसं तो पुसून टाकतात आणि बाकीची घाबरून पैसे भरून मोकळी होतात. तुरकर बाबूंचं तिसरंच. ते मेलची प्रिंट काढतात, तिच्यावर आवकचा शिक्का मारतात, नंबर घालतात, पंचिंग मशीननं दोन भोकं पाडतात आणि मग खुर्ची पुढे ओढून चोराला त्याच्या कागदातल्या त्रुटी कळवायला बसतात.

वीजबिल थकल्याचा एक मेल आला होता. त्याला बाबूंनी धाडलेलं उत्तर मी स्वतः वाचलं आहे. '१) ग्राहक क्रमांक नमूद नाही. २) आपण प्रिय ग्राहक असे संबोधले आहे. वीजबिलात यापूर्वी या कार्यालयास कोणीही प्रिय म्हटल्याचे अभिलेखावरून दिसून येत नाही. ३) आज संध्याकाळी सहा वाजता लाइन कापण्यात येईल असे कळविले आहे. तथापि कोणत्या खांबावरून, याचा खुलासा नाही. सबब परत.'

एका परदेशी विधवेनं नवऱ्याची कोट्यवधींची इस्टेट आमच्या कॉलेजला द्यायचं ठरवलं होतं. प्रक्रिया शुल्क तेवढं आम्ही भरायचं होतं. बाबूंनी आधी तिचं सांत्वन केलं. 'आपल्या दुःखात हे कार्यालय सहभागी आहे, तथापि पतीच्या मृत्यू दाखल्याची सत्यप्रत जोडलेली नाही.' दोन दिवसांनी चक्क दाखला आला. बाबूंनी कळवलं की दाखल्यावर सही आहे पण गोल शिक्का नाही. शिक्का मारून आला. मग इतर वारसांच्या ना-हरकतीबद्दल विचारणा गेली. आठवडाभर तो चोर कुठल्या मुलखात बसून त्रुटींची पूर्तता करत होता देव जाणे. शेवटी त्या परदेशी विधवेनं हिंदीत एका ओळीचा मेल पाठवला, 'बाबूजी, रहने दो.' बाबूंनी त्यावरही आवक नंबर घातला आणि शेरा मारला, 'अर्जदाराने प्रस्ताव मागे घेतला.'

प्रत्येक पत्राच्या शेवटी ते दोन शब्द ठरलेले. विद्यार्थ्याचा दाखल्याचा अर्ज असो, प्राध्यापकाचं बिल असो की चोराची मागणी, बाबूंच्या टेबलावर गेलेला कागद 'सबब परत' लिहून माघारी येतो. माझं एक प्रवास बिल चार वेळा परत आलं होतं. चौथ्या वेळची त्रुटी होती, 'कोहमारा या शब्दातील दुसरा काना अस्पष्ट आहे.'

मी याच कॉलेजात संगणक शिकवते. गोंदियाहून रोज बसनं येते, कोहमाऱ्याला उतरते आणि पुढे ऑटोनं. मेश्राम मॅडम म्हणजे संगणकातलं सगळं येणारी बाई, असा माझा कॉलेजात लौकिक आहे, निदान होता. आणि बाबूंना संगणकातलं येतं ते एवढंच की मेलची प्रिंट कशी काढायची आणि उत्तर कसं धाडायचं. तेव्हा आमचा उभा दावा असणं साहजिक होतं.

गेल्या वर्षी प्राचार्यांनी मला फसव्या मेलवर कार्यशाळा घ्यायला लावली. मी पडद्यावर एकेक पाटी दाखवत सांगितलं, की पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा, घाई करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, खातं बदललं म्हणून कोणी कळवलं तर थांबा. शेवटची पाटी सगळ्यात मोठ्या अक्षरांत होती. मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करा. बाबू पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले होते. प्रश्न विचारा म्हटल्यावर उभे राहिले.

"मॅडम, चोराच्या पत्राले आवक रजिस्टर वेगळं ठेवाचं, का त्याच्यातच चढवाचं?"

सभागृह हसलं. मी दात आवळून सांगितलं की चोराला उत्तरच द्यायचं नसतं. उत्तर दिलं की त्याला कळतं इथं कोणीतरी वाचणारं आहे, मग तो पुन्हा पुन्हा येतो, आपल्याच लिहिण्यातून कॉलेजची माहिती काढतो. मेल जपून ठेवायचा, वर कळवायचं, सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवायची आणि गप्प बसायचं. बाबूंना हे काही केल्या पटेना. पत्राला उत्तर न देणं हा त्यांच्या लेखी कामातला कसूर, मग पत्र चोराचं का असेना. आठवडाभर वाद घालून शेवटी आमच्यात तह झाला. त्रुटीपत्र त्यांनी खुशाल लिहावं, पण पाठवू नये, फाइलला लावावं. तेव्हापासून ते चोरांना पत्रं लिहितात आणि कपाटात ठेवतात.

चोर ओळखायची त्यांची रीत तर माझ्या सगळ्या पाट्यांवर बोळा फिरवणारी. पत्ता पाहायचा नाही, काही नाही. मेलात 'कृपया' शोधायचं. सापडलं की मेल खोटा. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या झाडीपट्टीत खरा माणूस कृपया म्हणतच नाही. "ज्याचं घेणं खरं आहे तो दारात येऊन शिव्या देते मॅडम. गोड तोच बोलते ज्याले लुटाचं आहे."

मी याला शुद्ध अडाणीपणा म्हणत असे. आता आमच्या गोंदियात कृपया हा शब्द फक्त रेल्वे स्टेशनच्या भोंग्यावर ऐकू येतो आणि तिकडेही कोणी लक्ष देत नाही, ही गोष्ट वेगळी.

मग माझीच फजिती झाली. प्रयोगशाळेसाठी नवे संगणक घ्यायचे होते. वर्गात तीस मुलं आणि चालणारी यंत्रं सहा, म्हणून दोन वर्षं अर्ज-विनंत्या करून मी ते पैसे मंजूर करून आणले होते. खरेदी समितीची सचिवही मीच. एका दुपारी प्राचार्यांचा मेल आला. मी नागपूरला बैठकीत आहे, फोन घेता येणार नाही, पुरवठादाराचं खातं बदललं आहे, नवं खातं सोबत दिलं आहे, कृपया आजच रक्कम वळती करावी. मला संगणक यायची घाई होती. शिफारशीवर सही ठोकून मी कागद बाबूंच्या टेबलावर नेला.

त्यांनी तो एकदा वाचला आणि 'कृपया'भोवती लाल पेनानं गोल काढला. मी वैतागून म्हटलं, बैठकीत बसल्यावर माणूस जरा सभ्य होतो. बाबू म्हणाले, आपला साहेब सभ्य झाला तर आपल्याले पेपरात वाचाले भेटन. आणि त्यांनी टेबलाच्या खणातून डायरी काढून साहेबांच्या जुन्या नंबरवर फोन लावला. साहेब नागपूरला नव्हतेच. देवरीला साळ्याच्या घरी जेवायला बसले होते. ऑफिसातल्या त्या फोनचा आवाज शेजारच्या खोलीतही जातो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"कोणता मेल बे? तुरकर, एक रुपया जरी गेला तरी तुह्या पगारातून कापीन."

बाबूंनी फोन ठेवला आणि समाधानानं म्हणाले, "हा खरा साहेब."

मग मी पत्ता वाचला. कॉलेजच्या नावात एक अक्षर जास्त होतं. तीच माझी पहिली पाटी. घाई, बदललेलं खातं, फोन करू नका, सगळ्या पाट्या त्या एका मेलात होत्या आणि त्या लिहिणारी बाई त्यावर सही करून बसली होती. तीस मुलांचे संगणक माझ्या सहीनं गेले असते. बाबूंनी मात्र मला एका शब्दानं टोचलं नाही. फक्त माझ्या शिफारशीवर पाच त्रुटी काढून ती परत पाठवली.

यावर प्राचार्यांनी आदेश काढला की पैसे मागणारा कुठलाही मेल आधी तुरकर आणि मेश्राम यांनी मिळून पाहावा. बाबूंनी लगेच 'संशयित मागणी नस्ती' नावाची फाइल उघडली. तिच्यात रकाने पाडले. त्रुटी काय, खात्री कशी केली, निकाल काय, आणि शेवटच्या रकान्यात माझी सही. त्यामुळे रोज तासभर मला त्या माणसासमोर बसणं भाग पडलं.

तो तास मी कसा काढला ते मलाच ठाऊक. तुरकर बाबू चहाच्या कपाकडेही अर्जासारखे बघतात. त्यांचं घर कामठ्याला आहे, पण ते कुलपात. इथं कोहमाऱ्याला एक खोली घेऊन राहतात आणि फाट्यावरच्या ढाब्यावर जेवतात. ढाबेवाल्यानं मला सांगितलं की बाबू जेवायला बसले की तो आत जाऊन वरण पुन्हा एकदा चाखून बघतो. एकदा त्यांनी ताट सरकवून म्हटलं होतं, "वरणाले फोडणी दिल्याचं दिसून येत नाही." राईस मिलवाले दरवर्षी फुकट डायरी देतात. बाबूंच्या खणात अशा कोऱ्या डायऱ्यांची चळत आहे, पण नंबर सगळे एका जुन्या, पाठ फाटलेल्या डायरीत. नवीन डायरीत उतरवताना आकडा चुकू शकतो, हे कारण.

एकदा बाबू रजेवर होते तेव्हा मी वैतागून प्राचार्यांजवळ त्यांची कागाळी केली. प्राचार्य म्हणाले, तुमच्या बिलाचं काय घेऊन बसल्या, त्यानं पोरीच्या लग्नालेही त्रुटी काढल्या आहेत.

ती हकीगत अशी. बाबूंची बायको वारली त्याला सहा वर्षं झाली. एकुलती एक मुलगी शीतल, पुण्याला नोकरीला. तीन वर्षांपूर्वी तिनं स्वतःच मुलगा पाहिला. फोनवर बापाला सांगायची हिंमत होईना म्हणून तिनं मेल लिहिला. पुण्याच्या ऑफिसात लिहितात तसा, व्यवस्थित. लग्न ठरवलं आहे, आपण कृपया यावे. बाबूंनी त्याची प्रिंट काढली आणि उत्तर पाठवलं. मुलाचे मूळ गाव नमूद नाही. मुलाच्या वडिलांचे पूर्ण नाव नाही. पूर्वसंमती घेतल्याचे दिसून येत नाही. आणि चौथी त्रुटी, मुलगी बापास कृपया म्हणत नाही. सबब परत.

शीतलनं त्रुटींची पूर्तता केली नाही. लग्न केलं. तेव्हापासून दोन्हीकडून फोन बंद.

त्या दिवशी तो माणूस माझ्या मनातून साफ उतरला. चोरानं बनवलेल्या विधवेला 'आपल्या दुःखात सहभागी आहोत' असं लिहिणाऱ्याला पोटच्या पोरीसाठी दोन ओळी सुचू नयेत, याची मला चीड आली. बाबू रजेवरून आल्यावर मी मुद्दाम टोमणा मारला, की तुमच्या कृपयाच्या नियमानं एक खरा मेलही परत गेला म्हणे. बाबू रेघा मारत होते. पट्टी न हलवता म्हणाले, "निकाली निघालेलं प्रकरण उघडाले कारण लागते मॅडम. नवीन कागद आल्याशिवाय नस्ती उघडता येत नाही."

म्हणजे मुलगीही नस्तीच.

पुढे एकदा पुरवठादाराचा नंबर शोधताना ती फाटकी डायरी माझ्या हातात आली. 'श' च्या पानावर एकच नाव होतं, शीतल (पुणे). पुढचे आकडे निळ्या पेनानं गिरवलेले. एकदा नाही, इतक्यांदा की कागद तिथं आरपार व्हायला आला होता. मला आणखीच राग आला. गिरवत बसण्यापेक्षा हेच दहा आकडे एकदा फोनवर दाबले असते तर काय बिघडलं असतं, असं वाटलं.

मे महिन्यात कॉलेज रिकामं होतं. मुलं नाहीत, प्राध्यापक नाहीत, फक्त परीक्षेच्या कामासाठी मी आणि वर्षभराचे कागद लावायला बाबू. सकाळी अकराच्या सुमारास ते एक प्रिंट घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. आवकचा शिक्का मारलेला होता. मी वरवर नजर टाकली. आदरणीय बाबा, मी अडचणीत आहे, फोन बिघडल्याने नवीन मेलवरून लिहीत आहे, वीस हजार रुपये त्वरित पाठवावे, आपली मुलगी शीतल. मी म्हटलं, हा तर धडधडीत खोटा आहे, कोणी चोरानं कुठून तरी नाव काढलेलं दिसतं, लावून टाका फाइलला.

बाबू हलले नाहीत. म्हणाले, "खात्री केल्याशिवाय खोटा म्हणता येत नाही. तुमचीच पाटी आहे मॅडम. जुन्या नंबरवर फोन."

मग त्यांनी मला साक्षीदार म्हणून ऑफिसात नेऊन बसवलं. डायरी उघडून समोर ठेवली, पण तिच्याकडे न बघताच आकडे दाबले. घंटी वाजत होती तेवढ्या वेळात त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. पलीकडून 'हॅलो' आलं तशी त्यांची पाठ ताठ झाली.

"मी तुरकर बोलून राहिलो. कार्यालयातून."

पलीकडून आलं, "कार्यालयातून काऊन?"

"तुह्या नावानं पैशाची मागणी आली आहे. खात्री कराची होती."

त्यावर जे सुटलं ते मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकलं. पुण्यात इतकी वर्षं राहून त्या मुलीच्या बोलीला काडीचाही फरक पडला नव्हता. लग्नात तिनं पैसे मागितले का, दवाखान्यात होती तेव्हा मागितले का, एका तरी दिवाळीला मागितले का, असं ती विचारत सुटली. बाबूंना मध्ये बोलायला जागाच नव्हती.

"पैशाची खात्री कराले फोन केला तुमी. पोरगी जिवंत आहे का मेली, याची खात्री करा असं कदी वाटलं नाही तुमाले?"

बाबूंनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "खरी आहे मॅडम. कृपया म्हणून नाही राहिली."

मी उठून बाहेर व्हरांड्यात आले आणि दार ओढून घेतलं. तरीही ऐकू येतच होतं. बराच वेळ तिचाच आवाज आणि मधूनमधून बाबूंचं 'हो'. एकदा ते म्हणाले, "त्रुटी माही होती." त्यानंतर तिचा आवाज बारीक झाला आणि मला शब्द कळेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी नस्ती सहीसाठी माझ्याकडे आली. खात्रीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'दूरध्वनीद्वारे.' पण त्रुटींचा रकाना कोरा. मी या माणसाच्या हातून कोरा राहिलेला त्रुटींचा रकाना कधी पाहिला नव्हता. म्हणून, उशिरा का होईना, मी तो मेल माझ्या पाट्यांप्रमाणे अक्षर न् अक्षर वाचला.

'सबब वीस हजार रुपये खालील खात्यावर त्वरित पाठवावे.' आणि खाली खातं नव्हतंच. चोर मेल लिहितो तो खात्यासाठी. तो एक वेळ स्वतःचं नाव विसरेल, खातं विसरणार नाही. वर्षभरात शंभरावर चोरांचे मेल आम्ही दोघांनी वाचले असतील, त्यांतल्या एकानंही 'सबब' लिहिलं नव्हतं. 'कृपया' मात्र प्रत्येकानं लिहिलं होतं. या मेलात तेवढं एक नव्हतं.

तो मेल तुरकर बाबूंनीच लिहिला होता.

मला आधी हसू आलं. दुसऱ्याच्या कागदातला काना शोधणारा हा माणूस, आणि खोटा मेल लिहायला बसला तर इतका कच्चा. नस्ती उघडायला नवीन कागद लागतो. तो कोणी पाठवत नव्हतं. तीन वर्षं वाट बघून शेवटी त्यांनी तो स्वतःच टाइप केला, स्वतःलाच पाठवला, त्यावर शिक्का मारला आणि मग कुठं त्यांना ते दहा आकडे दाबता आले. वर्षभर मी या माणसाला जे जे मनात म्हटलं होतं ते आठवून मला लाज वाटली.

समोर बाबू पट्टी घेऊन उगाचच एका कोऱ्या कागदावर रेघा ओढत होते. न राहवून त्यांनी विचारलं, "काई त्रुटी दिसते का मॅडम?"

मी नाही म्हटलं. निकालाचा रकाना त्यांनी माझ्यासाठी मोकळा सोडला होता. मी पेन उघडलं, त्यात लिहिलं, 'जुन्या नंबरवर फोन करून खात्री केली. मागणी खरी आहे,' आणि खाली सही केली.